साट्यात दिलेली राजकन्या

बीदर, २१ ऑगस्ट २०११

रेणू,

तुझा फोन पंधरा दिवसांपासून बंद आहे, म्हणून पत्र. पत्ता स्नेहानं दिला. तिच्यावर रागावू नकोस. कॉलेजात तुझ्या बाकावर बसायची ती बिचारी दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन आली होती आणि मी तुझा पत्ता मिळेपर्यंत तो उघडलाच नाही. तुझा अण्णा कसा आहे ते तुला ठाऊक आहेच.

हैदराबादेत तू बायकांच्या हॉस्टेलवर राहतेस आणि कुठल्याशा ऑफिसात टायपिंग करतेस, एवढं तिनं सांगितलं. बरी आहेस हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. माझा काही पडला नाही, कारण इथं काय होऊन बसलंय ते तुला माहीत नाही.

पंचमीला तू खजुरीहून हुलसूरला माहेरी आलीस आणि मंगल इथून खजुरीला तिच्या माहेरी गेली. दोघी चार दिवसांनी आपापल्या घरी परतणार होतात. तू तिसऱ्या दिवशी सासरी जायचं सोडून हैदराबादची बस धरलीस. मग मंगलला तिकडच्यांनी ठेवून घेतलं. साटंलोटं करताना हे दोन्ही घरांना माहीतच होतं. त्यांची मंगल मला, आपली रेणू त्यांच्या रविकुमारला, देणं-घेणं काही नाही. पण एकीनं घर सोडलं की दुसरीचंही सुटतं. तू तिच्या भावाचं घर सोडलंस, म्हणून माझं घर रिकामं झालं. मी स्वतःच्या हातानं भाकरी थापायलोय आणि ती तव्यावर टाकताना तुटते.

तुला आपला खेळ आठवतो का? तू बी.ए.ला होतीस, माझ्या खोलीवर राहायचीस. रविवारी व्यंकटशेठ उदगीरला जायचे आणि दुपारभर दुकानातला मागचा कॉम्प्युटर आपला असायचा. तू मांडीवर शब्दकोश घेऊन बसायचीस. पडद्यावर जुन्या काळातल्या गोऱ्या लोकांची राज्यं. आपलं राज्य केवढं, तर नदीकाठची सात गावं. प्रत्येक राजाचा, राणीचा, पोराबाळांचा एवढासा चेहरा, खाली वय, त्याखाली स्वभाव. आपल्याकडे फौज नव्हती, म्हणून आपण पोरी द्यायचो आणि सुना आणायचो. ज्याला पोरगी दिली तो आपल्यावर चालून येत नाही, दुसरा कुणी आला तर मदतीला येतो. तू तर तीन पिढ्या पुढचा विचार करायचीस. एकदा राजाच्या भाचीचं लग्न तिच्या मामाशी लावायला निघालीस आणि खेळानं नकार दिला, त्यांच्या धर्मात बसत नाही म्हणून. तू केवढी चिडलीस. म्हणालीस, "मामाला सोडून पोरगी परक्याला द्यायची म्हणतेत हे लोक. ह्यांना काय कळतंय, अण्णा?"

तो खेळ मी अजून जपून ठेवलाय. आपला म्हातारा राजा बासष्ट वर्षांचा आहे आणि त्याच्या नातवाचं लग्न ठरायचं राहिलंय. तू आलीस की पुढं खेळू.

सध्या एवढंच कर. चार दिवस खजुरीला जाऊन ये. भांडू नकोस, काही कबूल करू नकोस, नुसतं तोंड दाखव. मंगल परत आली की पुढचं मी बघतो.

तुझा अण्णा,
योगीराज

•

बीदर, ११ सप्टेंबर २०११

रेणू,

उत्तर नाही. ठीक आहे. लहानपणीही तू रुसलीस की दोन-दोन दिवस बोलायची नाहीस, मग अप्पा तुला मेंढरांबरोबर रानात घेऊन जायचे आणि तू संध्याकाळी एखादं कोकरू खांद्यावर घेऊन हसत यायचीस. आता मेंढरंही राहिली नाहीत. अप्पांनी शेवटची बावीस मागच्या वर्षी काढून टाकली आणि ते आता दुसऱ्याच्या उसात रोजानं जातात.

मी सगळं नीट आखलंय, तेवढं शांतपणे वाच. तू दसऱ्याच्या आधी खजुरीला जायचंस. दसऱ्याला मी मंगलला घेऊन येतो, सणाला सुनेला कोण अडवणार? मग दिवाळीच्या सुमारास मी तुझ्या नावानं हैदराबादचा एक कॉम्प्युटर कोर्स काढतो. दाखल्यासारखा कागद मी इथंच छापू शकतो. सहा महिन्यांचा कोर्स, मग नोकरी, मग नोकरीमुळं तिकडंच. कुणाचं नाक कापलं जात नाही आणि कुणाचं घर मोडत नाही. एक महिना, फार तर दीड महिना काढायचा आहे तुला.

आईला हे सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "पंचमीला आली तवा रेणूचं मनगट बघितलास का तू?" मी म्हणालो, पडली म्हणत होती की. आई म्हणाली, "पडल्यावर बोटं उमटत न्हाईत, बाबा." मग उठून चुलीकडं गेली. आई आजकाल माझ्याशी जास्त बोलत नाही.

मलाही वाईट वाटतंच की. मी काय दगड आहे? पण संसारात सुरुवातीची दोन-तीन वर्षं माणसाचा स्वभाव समजायला जातात. मंगलचा आणि माझाही पहिल्या वर्षी अबोला व्हायचा. ती शिवायला बसायची आणि मशीनचा आवाज मुद्दाम मोठा करायची. आता ते मशीन कोपऱ्यात आहे. पंचमीला जाताना तिनं सुयांची डबी, बॉबिन, कात्रीसुद्धा नेली. चार दिवसांच्या माहेरपणाला कात्री कशाला लागते, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. असो.

तू त्या डोंगरातल्या राजाची गोष्ट मनात धरली असशील, म्हणून सांगतो. आपण खेळात एका राजकन्येला तुझं नाव दिलं होतं. सोळा वर्षांची, कपाळ मोठं, स्वभाव हट्टी. डोंगराकडच्या राजानं तिला मागणी घातली. त्याच्या चेहऱ्याखाली 'निर्दय' असं लिहिलं होतं. तू शब्दकोशात बघून खात्री केलीस आणि म्हणालीस, "नको अण्णा, हिला तिथं नको द्यायला." तू खाली चहा आणायला गेलीस, तेवढ्यात मी होकार दिला. आपल्यावर दोन बाजूंनी फौजा आल्या होत्या, दुसरा इलाजच नव्हता. तू वर आलीस, पडद्यावरच्या आपल्या घराण्याच्या रांगेत त्या राजकन्येचा चेहरा नव्हता. तू कप टेबलावर ठेवलेस आणि खोलीवर निघून गेलीस.

मी तेव्हाही म्हणालो होतो की खेळच आहे तो. आपली सात गावं वाचली हे तू कधी बघितलंच नाहीस.

दसऱ्याच्या आधी, रेणू. मी वाट बघतो.

अण्णा

•

बीदर, २ ऑक्टोबर २०११

रेणू,

तुझं कार्ड आलं. पत्ता इंग्रजीत, मजकूर मराठीत आणि मजकूर म्हणजे एक ओळ. "अण्णा, तुला माहीत होतं का?" खाली सहीसुद्धा नाही.

दोन पानी दोन पत्रांना एवढंच उत्तर?

काय माहीत होतं? नीट विचारलं असतंस तर नीट सांगितलं असतं. मी आणि अप्पा खजुरीला एकदाच गेलो होतो, दोन हजार नऊच्या माघात, तेही दीड तासासाठी. जगदेवप्पांनी बाजेवर घोंगडं अंथरलं, पोहे केले, अप्पांशी त्यांची जुनी ओळख निघाली. म्हणाले, "काशाप्पा, तुझ्या पोराला माझी मंगल देतो. माझ्या रविकुमारला तुझी रेणू दे. परक्याच्या दारात जायची गरज न्हाई." बरं, माझी तेव्हाची स्थिती काय होती? गावात जमीन नाही, दुकानात पगारी नोकर. पाच ठिकाणांहून नकार आला होता. हे तुला माहीत आहे, तूच मला चिडवायचीस की अण्णाला आता खेळातलीच राणी करावी लागणार.

मी रविकुमारला बघितलं. धडधाकट, दारू नाही, तंबाखू नाही, बारा एकर, विहिरीला पाणी. हे सगळं घरी येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. दीड तासात माणसाच्या पोटात शिरून कोण बघतं? अप्पाही होते की तिथं. त्यांना का नाही विचारत?

अप्पा त्या वेळी आत जगदेवप्पांबरोबर देवघर बघत होते, अंगणात मी एकटाच होतो, हे खरं आहे. पण त्यात काय?

तू विचारलंस, मी सांगितलं. तुला नको असतं तर तू नाही म्हणू शकली असतीस. मी काही तुझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती.

दुकानात गिऱ्हाईक आलंय. बाकी नंतर लिहितो. दसरा चार दिवसांवर आला.

योगीराज

•

बीदर, १६ ऑक्टोबर २०११

रेणू,

मागचं पत्र फाडून टाक. नाही, ठेव. तेही तुझ्याजवळ असू दे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी खजुरीला गेलो होतो. जगदेवप्पा अंगणात मागच्या सालच्या तुराट्या बांधत होते. मी म्हणालो, मामा, मंगलला पाठवा आता. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "घिऊन जा की. कोण धरून ठेवलंय? आम्ही रोज जा म्हणायलाव. तीच न्हाई म्हणायलीय."

हे मला नवीन नव्हतं. इथून पुढं खरं लिहितो. मंगलला कुणी ठेवून घेतलेलं नाही. पंचमी झाल्यावर चौथ्या दिवशी तिनंच मला फोन केला होता. म्हणाली, मी येत न्हाई, कामून येत न्हाई ते तुम्हाला म्हाईत हाय. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. मी ते फिरवून लिहिलं, कारण तुझ्यामुळं माझं घर मोडतंय असं वाटलं तर तू जाशील, असा माझा अंदाज होता.

मंगल मागच्या दारी शिवत बसली होती. शेजारणीचं मशीन आणलंय तिनं. मी उभाच राहिलो. तिनं पायडल थांबवलं आणि म्हणाली, "पंचमीच्या आधी रेणूचा फोन आला मला. वहिनी, तुमच्या भावाचा हात पहिल्यापासनं असाच हाय का, म्हणून विचारलं. मी म्हणले, मी तर तुझ्या अण्णाला लग्नाआधीच सांगितलं होतं. तू सगळं ऐकून हो म्हणलीस असं मी दोन-अडीच वर्षं समजून चालले. तिनं तेवढं ऐकून फोन ठेवला."

म्हणजे तू कार्ड लिहिलंस तेव्हा तुला उत्तर माहीत होतं. तू फक्त मी काय लिहितो ते बघत होतीस. आणि मी पोहे, घोंगडं, बारा एकर लिहीत बसलो. लाज वाटते, रेणू. ते पत्र पेटीत टाकलं तेव्हाही वाटत होती.

आता सांगतो. क्रमानं सांगतो, नाहीतर मी पुन्हा कुठंतरी वळण घेईन.

खजुरीला गेलो त्या दिवशी अंगणात एक एडका वाळवणातली ज्वारी खात होता. रविकुमारनं त्याला खुंट्याला बांधलं आणि काठीनं मारलं. जनावरानं नुकसान केलं तर एखादी काठी कुणीही मारतो. पण एडक्यानं गुडघे टेकले तरी तो मारत होता. एडका खाली बसला, मान टाकली, तरी मारत होता. तोंडानं एक शब्द नाही, चेहऱ्यावर राग नाही. आपल्या अप्पांनी आयुष्यात बसलेल्या जनावरावर काठी उचलली नाही, आपल्यात कुणीच उचलत नाही, हे आपण चालायला लागलो तेव्हापासून बघत आलो. मी बाजेवर बसून बघत राहिलो. मग त्यानं हात धुतले आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. हसून म्हणाला, "साखर जास्त लागते का तुम्हाला?"

अप्पा बाहेर आले तेव्हा एडका गोठ्याच्या मागं ओढून नेलेला होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मैलारच्या जत्रेत मंगल भेटली. लग्न ठरत आलंय म्हणून सगळ्यांनी आम्हाला जरा लांब उभं राहू दिलं, भंडाऱ्याच्या दुकानापाशी. मला वाटलं लाजेल, काही गोड बोलेल. ती घाईघाईनं म्हणाली, "माझ्या भावाला पोरगी देऊ नका. त्याचा हात आवरत न्हाई. एकदा माझ्या आईवर बी उचलला होता. मग माझं तुमच्या घरी येणं होणार न्हाई, ते मला कळतंय. तरी बी सांगायलेय."

रेणू, स्वतःचं लग्न मोडेल हे माहीत असून परक्या पोरीसाठी असं बोलणारी मुलगी मी बघितली नव्हती. मी तिथंच तिच्यावर भाळलो. हीच पाहिजे असं मनात पक्कं झालं. आणि ती मिळावी म्हणून तिनं जे सांगितलं तेच मी दाबून टाकलं. तिला म्हणालो, मी घरी बोलतो. घरी आलो आणि बोललो नाही.

त्याच संध्याकाळी तू ओसरीवर तांदूळ निवडत होतीस. सूप खाली ठेवून विचारलंस, "अण्णा, तू बघून आलास. माणूस कसा हाय?" मी म्हणालो, "चांगला हाय. शांत हाय." शांत हा शब्द मी वाटेत बसमध्ये ठरवून ठेवला होता, म्हणजे तो अगदी खोटा पडणार नाही. तू पुन्हा सूप उचललंस. तुला दुसरं काही विचारायचंच नव्हतं. अण्णा बघून आला, एवढं तुला पुरलं.

खेळाचंही सांगतो. तो जपून ठेवलेला नाही. तुझ्या लग्नाच्या महिन्यातच व्यंकटशेठना सांगून मी तो कॉम्प्युटर पुसून विकून टाकला. रविवारी त्याच्यापुढं बसलो की तू कप टेबलावर ठेवून गेलेली आठवायचीस. तुला बोलावण्यासाठी मी म्हाताऱ्या राजाचं वय रचून लिहिलं.

त्या खेळात एक गोष्ट होती ती मी तुला कधी दाखवली नाही. लग्न होऊन गेलेल्या पोरीचा चेहरा आपल्या रांगेतून जायचा, पण परक्या राजाच्या दरबारावर बोट ठेवलं की ती तिथं दिसायची, कशी आहे, किती पोरं झाली, आजारी आहे का. तू एकदा विचारलं होतंस, "ती तिथं कशी हाय ते आपल्याला बघता येतं का?" मी नाही म्हणालो होतो. तू रोज बघत बसली असतीस आणि डाव अडला असता.

आणि आठवतं, त्या खेळात साटं नव्हतं. एक पोरगी दिली, एक आणली, तरी दोघींची गाठ एकमेकींशी नसायची. मला तो खेळाचा दोष वाटायचा. तू म्हणायचीस, "हेच बरं हाय, अण्णा. एकीचं वाईट झालं तर दुसरीचं तरी बरं ऱ्हातंय."

मी निघताना मंगलनं सांगितलं, "रेणूला तुमच्या हातानं लिहा. मग बैठकीत चार माणसांपुढं बोला. त्याच्यानंतर माझं बघू." दिवाळी झाल्यावर तीस तारखेला खजुरीत बैठक आहे. पंच म्हणून शरणप्पा बसणार आहेत, दोन्ही गावचे लोक येणार आहेत. तिकडचं म्हणणं असं की पोरगी काही कारण नसताना न सांगता पळाली, चांगल्या चालीची नाही, तिला आणून उभं करा. मी गप्प बसलो तर हेच तुझ्या नावाला कायमचं चिकटेल. मी बोललो तर अप्पांची मान खाली जाईल आणि साटं मोडेल. साटं मोडलं की मंगलवरचा माझा हक्कही गेला.

मला भीती वाटते. तू मला धीर दे असं म्हणत नाही. मला भीती वाटते एवढंच कळवतो.

अण्णा

•

बीदर, ३१ ऑक्टोबर २०११

रेणू,

काल बैठक झाली. खंडोबाच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर, सकाळी दहाला बसले ते दोन वाजता उठले. आपल्याकडून अप्पा, आई, मी आणि हुलसूरचे चौघे. आईला अप्पांनी नको म्हटलं होतं, ती तरी आली आणि बायकांच्या बाजूला बसली. मंगलही तिथंच होती. ती आणि आई शेजारी बसल्या होत्या, बोलत नव्हत्या.

जगदेवप्पांनी सुरुवात केली. आम्ही पोरीला काय कमी केलं, पंचमीला साडी देऊन पाठवली, तिनं आमचं नाव घालवलं. शरणप्पांनी अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "पोरीची चूक हाय. आम्ही समजूत घालताव." त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं, त्यांच्यावर राग धरू नकोस.

मी उठलो. पाठ करून गेलो होतो, ते सगळं विसरलो. मी म्हणालो, रेणूची चूक न्हाई. ह्या घरात काय हाय ते मला लग्नाआधी म्हाईत होतं, मी बघितलं होतं आणि मला सांगितलं बी होतं, मी घरात कुणाला कळू दिलं न्हाई. मग एडक्याचं सांगितलं. मंगलचं नाव घेणार नव्हतो, पण शरणप्पांनी विचारलं, "कोण सांगितलं तुला?" मी गप्प राहिलो तर मंगल बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मी सांगितलं, काका. मैलारात." जगदेवप्पा तिच्याकडं वळून बघत राहिले.

रविकुमार पहिल्यांदा बोलला तो तेव्हा. "जनावराचं काय सांगायलाय हा? माणसाचं सांग म्हणावं." अगदी हळू आवाजात. त्यावर आई उभी राहिली. आपली आई, जी चार माणसांत डोक्यावरचा पदर हातात घट्ट धरून ठेवते. म्हणाली, "माणसाचं मी सांगते. त्या मनगटाला मी हळद बांधलेय. चार बोटं आन् एक अंगठा, मी मोजलेत."

अप्पा उठून देवळाच्या मागं गेले. मी त्यांच्या मागं जाणार होतो, शरणप्पांनी हातानं मला बसवलं. मग ते म्हणाले, साटं मोडलं. दोन्ही पोरी मोकळ्या. ज्यांची भांडी त्यांनी न्यावी, कुणी कुणाच्या पोरीचं वाईट बोलायचं नाही, बोलला तर त्याला पुढच्या लग्नात कुणी बोलवायचं नाही. कोर्टाचा कागद वेगळा करावा लागेल. तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तिथं मी साक्षीला येईन आणि काल बोललो तेच बोलेन.

येताना बसमध्ये अप्पा माझ्या शेजारी बसले नाहीत. पुढं ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसले. हुलसूरला उतरताना एवढंच म्हणाले, "मी तुला डोळे म्हणून न्हेलो होतो." त्यांना हल्ली लांबचं दिसत नाही, तेव्हाही दिसत नव्हतं. हे मला काल पहिल्यांदा समजलं.

मंगलशी निघण्याआधी दोन मिनिटं बोललो, पाण्याच्या टाकीपाशी. मी म्हणालो, मी लिहिलं, मी बोललो, आता चल. ती म्हणाली, "आता मला कुणी तुम्हाला दिलेलं न्हाई आन् कुणी ओढून बी नेणार न्हाई. यायचं तर माझ्या पायानं येईन. अजून ठरवलं न्हाई." मी विचारलं, कधी ठरवशील? ती म्हणाली, "रेणूचं मला पत्र आल्यावर. तिचं मन काय म्हणतंय ते कळल्याबिगर मी तुमच्या घरात कशी ऱ्हाऊ?"

तुम्ही दोघी एकमेकींच्या नणंदा आणि एकमेकींच्या भावजया होतात. आता कालपासून तुमचं काहीच नातं नाही आणि तरी ती तुझ्या पत्राची वाट बघतेय. मी नवरा असून माझ्या हातात काही नाही. सवय नाही ना, म्हणून दिवसभर मी काहीतरी आखत राहतो आणि मग आठवतं की आखायचं काही शिल्लक नाही.

सोबत एक कोरं कार्ड जोडलंय. त्याच्यावर खजुरीचा मंगलचा पत्ता घातलाय, एवढंच माझं अक्षर. काय लिहायचं ते तुला सुचवणार होतो. तीनदा सुचवून खोडलं, ती पानं घातली नाहीत. तिला यायला सांग, येऊ नको म्हण, माझ्याबद्दल काय वाटतं ते लिही. मला दाखवायची गरज नाही. कार्ड नकोच वाटलं तर तसंच राहू दे.

आईनं तुझ्यासाठी शेंगाचटणी आणि बाजरीचं पीठ बांधून ठेवलंय. स्नेहा पुढच्या आठवड्यात हैदराबादला जायलीय, तिच्याकडं देतो. ह्या वेळी तिचं काम आधी करून दिलं.

तू ओसरीवर सूप खाली ठेवून जे विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. अडीच वर्षं झाली. ते आता देतो, वाचून घे.

माणूस वाईट हाय, रेणू. मी बघून आलोय. खजुरीला जाऊ नकोस.

योगीराज